देवाची भीती आणि रापणीचा वाटा

शिमग्यापासून आमच्या वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. कॅनडातल्या संशोधकांनी म्हणे सिद्ध केलंय की देवाची भीती असेल तरच माणूस दुसऱ्याच्या उपयोगी पडतो. म्हणून देव न मानणाऱ्यावर विसंबू नका. आणि कोकणातली गावं एकत्र राहिली तीही या भीतीमुळेच. मी देवळात जाणारा माणूस आहे, पालखीला खांदा देतो. म्हणूनच हे वाचून गप्प बसवलं नाही.

पहिला मुद्दा, 'सिद्ध केलंय' हा. मजकुरातले कॅनडातले संशोधक म्हणजे अझीम शरीफ आणि आरा नोरेन्झायान, आणि त्यांचा प्रयोग २००७ सालचा. लोकांना विस्कटलेल्या शब्दांतून वाक्यं जुळवायला दिली. काहींच्या शब्दांत देव, पवित्र, प्रेषित असे शब्द मिसळलेले होते. मग हातात दहा डॉलर ठेवून विचारलं, अनोळखी माणसाला यातले किती द्याल? देवाचे शब्द हाताळलेल्यांनी सरासरी चारच्या वर दिले, बाकीच्यांनी दोनपेक्षाही कमी. मजकूर इथेच थांबतो, प्रयोग थांबला नव्हता. पुढच्या फेरीत काहींना पोलीस, न्यायालय, करार असे शब्द दिले, तर त्यांनीही जवळजवळ तेवढेच पैसे सोडले. शिवाय २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी जास्त माणसं घेऊन हाच प्रयोग केला, तेव्हा देवाच्या शब्दांचा असर दिसलाच नाही. याला सिद्ध झालं म्हणत नाहीत.

नोरेन्झायान यांचं मोठं म्हणणं वेगळंच आहे. सगळं पाहणारा आणि शिक्षा करणारा देव मानल्यामुळे एकमेकांना न ओळखणारी माणसं मोठ्या समाजात एकत्र नांदू शकली, असं ते मांडतात. २०१६ मध्ये आठ समाजांतल्या ५९१ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असा देव मानणारे जास्त सढळ निघाले, पण कुणाशी? लांबच्या, तरी आपल्याच धर्माच्या माणसाशी. सगळ्या माणसांबद्दल तो अभ्यास काही सांगत नाही. ही अट मजकुरात गाळली आहे आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते.

नास्तिकावर विसंबू नका, याला त्या संशोधनात कणभर आधार नाही. नास्तिकांवर लोक अविश्वास दाखवतात, एवढंच याच मंडळींनी मोजलं. २०१२ मध्ये विल जर्वेस आणि नोरेन्झायान यांना हेही दिसलं की पोलीस-न्यायालयाची आठवण करून दिली की श्रद्धाळूंचा तो अविश्वास कमी होतो. लोकांच्या मनातली शंका हा त्या माणसाविरुद्धचा पुरावा कसा होईल?

आता आपल्या गावांचं. पालखी नाचवताना खांद्याची सालं निघतात, दुसऱ्या दिवशी सदरा अंगाला लावून घेववत नाही. गाऱ्हाणं घालताना एकेका वाक्याला सगळी माणसं एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्या घटकेला मला कधी भीती वाटली नाही. शेजारचा खांदा आपल्या खांद्याला लागलेला असतो, तेवढंच कळतं. दिमित्रिस झिगलातास या मानववंशशास्त्रज्ञाने मॉरिशसमध्ये हेच मोजलं. ऊसमळ्यांत राबायला आपल्या रत्नागिरीकडची माणसंही गेली, तेच बेट. तिथल्या तमिळ लोकांच्या कावडी नावाच्या मिरवणुकीत अंगात सुया टोचून घेऊन अनवाणी चालतात. अभ्यासात सहभागी झालेल्यांना तिथले दोनशे रुपये दिले, त्यातले हवे तेवढे गुपचूप देवळाला द्यायचे. नुसत्या सामूहिक प्रार्थनेनंतर सरासरी ऐंशीच्या आसपास दिले गेले, कावडीनंतर एकशेतीसच्या वर. सुया न टोचता सोबत चाललेल्यांनी तर त्याहून जास्त दिले. दान देवळालाच होतं, हे खरं. पण देव दोन्हीकडे तोच होता, फरक पडला तो सोसण्याचा आणि सोबतीचा.

आणि भीती पुरत असती, तर मानपानावरून पालख्या अडल्या नसत्या. आमच्या जवळच्याच एका गावात पालखी एक वर्ष देवळाबाहेर पडली नाही. भांडणारे दोन्हीकडचे लोक देवाला मानणारेच होते.

रापण बघा. होडीतून जाळं टाकतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढतात, आणि जाळं जवळ येतं तशी दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे सरकत येतात. आमच्याकडे दोराला लागणाऱ्यांत एक जण देवळाची पायरी चढत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वाटणीला बसताना त्याचा वाटा कुणी कमी केलेला मी पाहिला नाही. ग्रुपवर तोही आहे, आणि हा मजकूर त्यानेही वाचला आहे.