फुटपाथ नको, बसस्टॉप नको, पण रात्री दोनचा स्लॅब चालतो

आमच्या गल्लीतल्या माणसांना नक्की काय हवंय हे कुणीतरी एकदा बसून मला समजावून सांगा प्लीज, कारण माझं डोकं आता खरंच चालेनासं झालंय. पुण्यातल्या कोथरूडची गल्ली, कर्वे रोडच्या आतली, जुन्या तीन मजली सोसायट्या आणि मधेमधे उरलेले चार-दोन बंगले. या एवढ्याशा गल्लीत जे जे काही नवीन यायला निघालं त्या प्रत्येक गोष्टीला विरोध झालाय. फुटपाथ करायला निघाले, विरोध. मिडीबसचा स्टॉप येणार म्हणून नुसती कुणकुण लागली, तर पोरी बघायला आल्यासारखे सगळे गॅलरीत उभे, आणि संध्याकाळपर्यंत सह्यांचं निवेदन तयार. कोपऱ्यावर पोह्यांची गाडी लावणारी बाई, बिचारी सकाळी साडेसहा ते दहा उभी असायची, जाताना झाडून जायची, तिला पंधरा दिवसांत पळवून लावलं, कारण काय तर म्हणे गल्लीचा दर्जा घसरतो.

आणि ज्याला खरोखर बोंबलून विरोध करायला पाहिजे त्याबद्दल अळीमिळी गुपचिळी.

आमच्या शेजारची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डरचं नाव घेत नाही, नाव घेऊन उपयोगही नाही, सगळे सारखेच. आधी जुनी बिल्डिंग फोडायला ब्रेकर. ब्रेकर म्हणजे काय चीज आहे हे ज्याच्या भिंतीला भिंत लागून आहे त्यालाच माहिती, कपाटातल्या बशा वाजतात, फोनवर बोलायचं तर बाथरूममध्ये जाऊन दार लावून बोलायचं. मग पोकलेन, मग खड्डा, मग डंपर, आणि आता स्लॅब. स्लॅबचं असं असतं की दिवसा मोठ्या गाड्यांना कर्वे रोडला बऱ्याच वेळा बंदी, म्हणून मिक्सर येणार रात्री. एकदा काँक्रीट ओतायला घेतलं की मधे थांबवता येत नाही, थांबवलं तर जोड राहतो आणि पुढे तिथून गळतं, हे मला तिथल्या साईट इंजिनिअर पोरानेच समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, रात्री पावणेदोन वाजता, मी गाऊनवर ओढणी टाकून खाली भांडायला गेले होते तेव्हा. पोरगा वाईट नाही हो. त्याचीही झोप झालेली नव्हती, डोळे लाल. मॅडम अजून फक्त चार गाड्या, म्हणाला. या चार गाड्या पहाटे पाचपर्यंत येत होत्या. एक गाडी रिव्हर्स घेत गल्लीत शिरते, तो पीं पीं पीं आवाज, मग ड्रम फिरतो, मग पंपाचा पाईप थाडथाड करतो, मग वरून कुणीतरी ओरडतो "बस बस बस", मग ती जाते, मग दुसरी. मधल्या दहा मिनिटांत डोळा लागतो न लागतो तोच परत पीं पीं.

रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. दिवसा 55. हा नियम 2000 सालापासून आहे, आणि आपल्याकडे प्रत्येकाला तो तोंडपाठ आहे, कारण गणपतीत ढोल-ताशा पथकांची प्रॅक्टिस सुरू झाली की याच गल्लीतले काका हाच नियम ग्रुपवर टाकतात, वर डेसिबल मोजायच्या अॅपचा स्क्रीनशॉट! तेच काका. तो पंप त्यांच्या बेडरूमच्या खिडकीपासून वीस फुटांवर होता. सकाळी ग्रुपवर त्यांचा मेसेज काय? सुप्रभात, आणि गुलाबाचं फूल.

मला आधी कळेचना. म्हटलं ही माणसं बहिरी झाली का एकदम. मग हळूहळू ट्यूब पेटली. यांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला पुढच्या नंबरला आहे. त्याच्यापलीकडची त्याच्या पुढच्या. बंगल्यातले आजोबा गेल्या वर्षी गेले, मुलं बाहेर, म्हणजे तो प्लॉटही गेलाच समजा. आख्खी गल्ली रांगेत उभी आहे राव! आणि रांगेत उभा असलेला माणूस खिडकीवरच्याशी भांडत नाही. आज आपण यांच्या स्लॅबबद्दल तक्रार केली तर उद्या आपल्या स्लॅबला हे तक्रार करतील, एवढा साधा हिशेब आहे. तोंडावर कुणी म्हणणार नाही. तोंडावर म्हणतात, "अहो चालायचंच, बांधकाम म्हटलं की एवढं व्हायचंच." पोह्याच्या गाडीला का नाही चाललं मग? तिच्या कढईतून किती डेसिबल येत होते?

त्या धुळीचं तर विचारूच नका. हिरवं कापड लावलंय, मान्य, पण ते खालून चार फूट फाटलंय आणि वरच्या मजल्यांवर लावलेलंच नाही. सकाळी तुळशीला पाणी घालायला गेलं की पानं राखाडी. वाळत घातलेले पांढरे कपडे मी आता घरातच फॅनखाली वाळवते. सासूबाईंना आधीच दमा, त्यांचा पंप वाढवलाय डॉक्टरांनी, आणि डॉक्टर विचारतात घराजवळ बांधकाम आहे का. मी काय सांगू, एक आहे का विचारा, सहा आहेत.

आता फुटपाथची गंमत ऐका, याच्याने मी सगळ्यात जास्त पेटलेय. दोन वर्षांपूर्वी गल्लीत एका बाजूने फुटपाथ करायचं चाललं होतं. फार नाही, माणूस चालेल एवढा. शाळेत जाणारी पोरं, काठी घेऊन चालणारे म्हातारे, सगळे आज गाड्यांच्या मधून वाट काढत जातात. तर मीटिंग झाली खाली पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, आणि दीड तास एकच सूर, आमच्या गाड्या कुठे लावायच्या. एक काकू म्हणाल्या आमच्या कंपाऊंडची एक वीतसुद्धा देणार नाही, आम्ही कष्टाने घेतलेली जागा आहे. टाळ्या पडल्या. फुटपाथ गेला बारगळून.

त्याच काकूंच्या सोसायटीने आता बिल्डरच्या सांगण्यावरून पुढची चांगली दीड मीटर जागा रस्त्याला सोडायचं कबूल केलंय. एकमताने! का? कारण आपल्याकडे किती बांधता येणार हे रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. डिसेंबर 2020 मध्ये ते नवीन युडीसीपीआर, म्हणजे राज्याचे बांधकामाचे एकत्रित नियम, आले ना, त्यात रस्ता 9 मीटरपेक्षा कमी असेल तर बेसिक 1.1 एफएसआयवर बसा, म्हणजे प्लॉटच्या 1.1 पट बांधकाम. 9 मीटर झाला की पैसे भरून प्रीमियम एफएसआय घ्या, टीडीआर म्हणजे दुसरीकडचे बांधकामाचे हक्क विकत घ्या, दोनपर्यंत जा आणि वर अॅन्सिलरी, म्हणजे आणखी पैसे भरून जादाचं बांधकाम. म्हणजे रस्ता कागदावर 9 मीटरचा दिसला की प्रत्येकाला वाढीव कारपेट, कॉर्पसची एकरकमी रक्कम, शिफ्टिंगचे पैसे, भाडं. तेव्हा वीत काय आणि दीड मीटर काय, खुशाल घ्या म्हणे! म्हणजे पोरांना चालायला जागा द्यायची नाही पण बिल्डरला टीडीआर चढवायला द्यायची. बरं ती सोडलेली जागा पुढे मोकळी राहील म्हणता? ज्यांनी आधीच सोडलीय त्यांच्यासमोर जाऊन बघा, तिथे व्हिजिटर्स पार्किंग झालंय, साखळी आणि कुंड्या लावून.

मी रिडेव्हलपमेंटच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते नाहीतर खाली लगेच ज्ञान द्यायला येतील. आमचीही बिल्डिंग चाळीस वर्षांची आहे, लिफ्ट नाही, सासूबाई तिसऱ्या मजल्यावरून महिना महिना खाली उतरत नाहीत, गच्ची गळते. पाडावीच लागणार. आमच्याकडेही मीटिंगा सुरू आहेत, 2019 च्या जीआरप्रमाणे आता 51 टक्के संमती पुरते, आधी पंच्याहत्तर लागायची, त्यामुळे विरोध करणारे दोघंतिघंही आता नरमलेत. ठीक आहे. पण सोळा फ्लॅटच्या जागी चाळीस फ्लॅट येणार, प्रत्येकाच्या दोन गाड्या, आणि गल्ली तीच, ड्रेनेजची लाईन तीच, पाण्याचा पाईप तोच, याबद्दल एका तरी मीटिंगमध्ये कुणी तोंड उघडलं का? मी उघडलं. मला सांगितलं ताई तो आपला विषय नाही, आपला विषय किचनमध्ये मॉड्युलर ट्रॉली देतायत का नाही. खरंच हाच विषय होता, पाऊण तास! सॉफ्ट क्लोज का साध्या.

मेट्रोचंही हेच. काम चालू होतं तेव्हा कर्वे रोडवर काय शिव्या घातल्यात या लोकांनी, नळस्टॉपला दुमजली पूल होईपर्यंत तर रोज ग्रुपवर श्राद्ध. पुण्याला मेट्रोची गरजच काय, कोण बसणार, वगैरे. 2022 च्या मार्चमध्ये वनाज ते गरवारे सुरू झाली तेव्हा तिकीट काढून आधी सेल्फी यांचेच. आणि आता फ्लॅट भाड्याने द्यायची जाहिरात बघा, पहिली ओळ, मेट्रो स्टेशनपासून चालत पाच मिनिटं. चालत कुठून, फुटपाथ कुठेय?

आणि भाड्याने देताना परत अटी. बॅचलर नकोत. मुली चालतील पण मित्र यायचे नाहीत. नॉनव्हेज नको. समोरच्या बंगल्यात मुलींचं पीजी सुरू झालं तेव्हा कसला गहजब झाला, गल्लीचं वातावरण बिघडणार. कसलं वातावरण? बारा पोरी, सकाळी आठला डबा घेऊन जातात, रात्री नऊला मेलेल्या चेहऱ्याने परत येतात. त्यांच्यातलीच एक परवा पाणी आणायला खाली आली तर एका काकांनी तिला विचारलं रात्री अकरापर्यंत तुमचा लाईट का चालू असतो. तिच्या खोलीतल्या ट्यूबलाईटने यांची झोप उडते आणि हॅलोजनच्या झोतात चाललेल्या स्लॅबने उडत नाही!

सगळ्यात मजा वाटते ती "आमचं पूर्वीचं शांत कोथरूड" वाल्या पोस्टींची. अहो, शांत होतं कारण तुम्ही यायच्या आधी इथे शेतं होती. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, पेठांमधले वाडे गेले, त्यानंतर माणसं नदी ओलांडून या बाजूला सरकत गेली, मग पुढे सोसायट्या. आमचे सासरेही शनिवार पेठेतला वाडा सोडून तसेच आले. गावठाणातल्या लोकांनी तेव्हा ग्रुप काढून बाहेरचे आले म्हणून निवेदनं दिली नव्हती. तुम्ही आलात तो विकास, आणि तुमच्या नंतर जो येईल तो गर्दी, असं कसं?

परवाच्या स्लॅबला मात्र मी 112 ला फोन लावला. दोघं पोलीस आले, साईटवाल्याशी बोलले, काम जरा वेळ थांबलं. मग त्यांनी वर बघून विचारलं तक्रार कुणाकुणाची आहे. आणि मी डोळ्यांनी बघितलंय, आधी सात-आठ गॅलऱ्यांमध्ये लाईट होते, माणसं वाकून वाकून मजा बघत होती, प्रश्न ऐकल्याबरोबर एकेक लाईट बंद. डेसिबलवाले काका तर पडदा ओढून आत. उरले कोण, मी, आणि पीजीतल्या दोन पोरी, ज्यांना या गल्लीत मत नाही, प्लॉट नाही, टीडीआर नाही. त्या म्हणाल्या ताई आमचं नाव लिहा. लिहिलं. दुसऱ्या दिवशी पीजीच्या मालकाला गल्लीतून फोन गेला की तुमच्या मुली फार पुढेपुढे करतात.

या रविवारी परत मीटिंग आहे, संध्याकाळी सहाला, पार्किंगमध्येच. विषय, परत सुरू होऊ घातलेल्या फुटपाथच्या कामाला विरोध. मी जाणार आहे. रात्रीच्या कामाविरुद्धचा अर्ज टाईप करून ठेवलाय, खाली चाळीस रेघा आखल्यात सह्यांना, आणि तो मी फुटपाथच्या निवेदनाच्या आधी फिरवणार आहे. ज्याला माझ्या कागदावर सही करायची नाही त्याने खुशाल करू नये, पण मग त्या चहाच्या ट्रेसमोर उभं राहून मला गल्लीच्या दर्जाबद्दल एक शब्द ऐकवायचा नाही. आणि हो, डेसिबलवाले काका, तुमची ती वॅगनार आमच्या गेटसमोरून काढा, चौथ्यांदा सांगतेय.