‘फुकट काय गावणा नाय’ म्हणणाऱ्या बुवांना उत्तर

बुवा, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रविवारीच वाचली होती, पण आमच्याकडे पावसाची एक जोरात सर आली की आधी लाईट जाते आणि तिच्या मागोमाग नेट, म्हणून उत्तराला दोन दिवस गेले. राग नसावा.

मागच्या लेखात मी लिहिलेलं की आपलं स्वतःचं गाणं स्पॉटिफाय या गाणी ऐकायच्या ॲपवरच्या प्लेलिस्टमध्ये, म्हणजे गाण्यांच्या यादीत, जायला कुणालाही पैसे मोजायची गरज नाही. त्यावर तुम्ही लिहिलंत, "फुकट काय गावणा नाय. वीस वर्सां भजन करतंय, माका शिकवू नको. प्लेलिस्टी सगळे विकलेले आसत, तू स्वतः डिस्ट्रिब्युटरका पैसे भरतंस आणि पोरांका गजाली सांगतंस. आणि आमचो माणूस स्पॉटिफाय ऐकता खय?" यातलं निम्मं खरंय, आणि ते निम्मं मी लेखात लिहायला हवं होतं, लिहिलं नाही, ही माझी चूक.

डिस्ट्रिब्युटरचं आधी. हो, मी वर्षाचे पैसे भरतो. स्पॉटिफायवर आपण थेट गाणं चढवू शकत नाही, मध्ये कुणीतरी लागतोच, तोच डिस्ट्रिब्युटर, तो एकतर वर्षाची फी घेतो नाहीतर कमाईत वाटा घेतो. राऊटनोटसारख्यांकडे आधी एक रुपया न भरता गाणं चढवता येतं, मग येईल त्यातले १५ टक्के त्यांचे. पण ही गाणं दुकानात पोचवायची हमाली झाली, प्लेलिस्टमध्ये बसवायचे पैसे नव्हेत. या दोन गोष्टी तुम्ही एकत्र केल्यात, आणि खरं सांगायचं तर मीच त्या वेगळ्या करून लिहिल्या नव्हत्या.

आता ‘विकलेल्या’ प्लेलिस्टी. विकणारे आहेतच, नाही कोण म्हणतो? मी स्वतः विकत घेतलीय. हे लेखात लिहिलं नव्हतं कारण लाज वाटत होती, आता तुम्ही विषय काढलाच आहे तर सांगून टाकतो. आमचं दुसरं गाणं आलं तेव्हा इन्स्टावर एकाचा मेसेज आला, दहा हजार स्ट्रीम गॅरंटी, म्हणजे गाणं तेवढ्या वेळा वाजणारच, चार हजार रुपये, मी जीपे केले. नऊ दिवसांत आकडा अकरा हजारांवर गेला. आम्ही चौघं टपरीवर एकाच फोनमध्ये डोकं घालून बघतोय, ढोलकीवाल्याने तर वड्याची पार्टी पण जाहीर केली. मग मी ॲपमध्ये ऐकणाऱ्यांची शहरं उघडली. मुंबई नाही, पुणे नाही, कुडाळ-कणकवली तर नाहीच, सगळ्यात वर युरोपातलं कुठलंतरी शहर ज्याचं नाव आमच्यापैकी एकालाही वाचता येईना. अकरा हजार वेळा गाणं वाजलं, सेव्ह किती जणांनी केलं, तर तिघांनी, आणि त्यातला एक मी. देवापुढे घालतात त्या मालवणी गाऱ्हाण्याने सुरू होणारं गाणं तिकडे रात्री तीन वाजता कोण ऐकत होतं देव जाणे, माणूस नव्हता एवढं नक्की.

पुढच्या महिन्यात डिस्ट्रिब्युटरचा मेल, बनावट स्ट्रीमिंग सापडलं, गाणं काढतोय. २०२४ पासून स्पॉटिफाय अशा गाण्यामागे डिस्ट्रिब्युटरलाच दंड लावतं, त्यामुळे ते आता दयामाया दाखवत नाहीत. गाणं गेलं, चार हजार गेले, आणि आमच्या खऱ्या दोन-अडीचशे माणसांनी ऐकलं होतं तेही त्याच्याबरोबर गेलं. शिवाय हे ॲप बघत असतं की तुमचं गाणं ऐकणारा आणखी काय ऐकतो आणि त्यावरून तशाच दुसऱ्यांना ते पुढे करतं. बनावट ऐकणारे दिवसभर पैसे घेतलेली गाणी वाजवतात, म्हणजे आमच्या गाण्याची सोयरीक भलत्याच गाण्यांशी जुळली. तेव्हा बुवा, विकत मिळते ती प्लेलिस्ट ऐकायला माणूस नसतो, आणि जिला माणूस असतो ती सहसा विकायला काढलेली नसते. सरळ हिशोब आहे.

स्पॉटिफायच्या स्वतःच्या संपादकांच्या प्लेलिस्टी वेगळ्या. तिथे जायचा अधिकृत रस्ता एकच, स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स या त्यांच्या कलाकारांसाठीच्या ॲपमधून रिलीज व्हायच्या आधी गाणं पिच करायचं, म्हणजे संपादकांना सुचवायचं, २०१८ पासून ही सोय आहे आणि ती फुकट आहे. एका वेळी एकच गाणं. गाणं आलं की संपलं, मग पिच करता येत नाही, आणि आपले निम्मे लोक इथेच मार खातात कारण आपल्याला गाणं झालं की त्याच रात्री टाकायचं असतं. किमान सात दिवस आधी पिच केलं तर संपादकाने घेतलं नाही तरी तुमच्या फॉलोअरच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे ॲप प्रत्येकाला दर आठवड्याला नव्या गाण्यांची जी यादी देतं तिच्यात, ते गाणं शुक्रवारी जातं. ही सात दिवसांची गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर ते चार हजार वाचले असते.

पिचमध्ये जागा असते ५०० अक्षरांची, मोकळ्या जागा धरून. माझं पहिलं पिच होतं, आम्ही छोट्या गावातले कलाकार आहोत, खूप मनापासून गाणं केलंय, कृपया संधी द्यावी. अर्ज वाटतो ना? तहसीलदाराला लिहिल्यासारखा. भाची इंग्रजी चांगलं लिहिते, तिने ते फाडूनच टाकलं आणि मला विचारलं, मामा, ढोल कुणी वाजवलाय, कुठे वाजवलाय, हे गाणं माणूस कधी लावेल? मग जे लिहिलं गेलं ते असं, की शिमग्यात पालखी खांद्यावर नाचवताना जो ढोल वाजतो तोच ठेका आहे, गावच्याच ढोलवाल्यांनी वाजवलाय, देवळाच्या मांडावर रेकॉर्ड केलाय, गाणारा दशावतारात काम करतो, आणि मुंबईतले चाकरमानी शिमग्याला गावी निघतात त्याच्या दोन आठवडे आधी गाणं येतंय. बस. भावना शून्य, माहिती भरपूर. तेच गाणं लागलं. आता लगेच म्हणाल बघा कसा फुशारक्या मारतो, तर ऐका, आत्तापर्यंत पाच गाणी पिच केली, लागलं ते हे एक, तेही यादीच्या पार तळाला, आणि दोन आठवड्यांनी उतरवलं. गॅरंटी नाही. गॅरंटी देतो तोच चोर, एवढं मात्र मी आता छातीठोक सांगू शकतो.

डिस्कव्हरी मोड नावाचं एक प्रकरण आहे त्याबद्दलही एक वाचक विचारत होते. त्यात आपण निवडलेलं गाणं स्पॉटिफाय आपणहून जास्त लोकांपुढे करतं. आधी पैसे नाहीत, पण तिथून आलेल्या स्ट्रीमच्या रॉयल्टीतले ३० टक्के ते ठेवतात. त्याला मी फुकट म्हणत नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला. आमचो माणूस स्पॉटिफाय ऐकता खय. गावात नाही ऐकत, कबूल. गावात यूट्यूब आणि व्हॉट्सॲपचं स्टेटस, डबलबारीचे, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याचे, चार-चार तासांचे व्हिडिओ लोक जेवण करता करता लावतात, तिथे स्पॉटिफायचं काही काम नाही आणि तुम्ही यूट्यूब सोडा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पण तुमच्या मंडळातल्या किती जणांची पोरं डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याला आहेत? ती लोकलमध्ये काय लावतात एकदा विचारा. माझ्या त्या शिमग्याच्या गाण्याला ऐकणाऱ्यांत पहिलं शहर मुंबई आहे, दुसरं पुणे, आणि आमचा तालुका यादीत दिसतच नाही.

आणि याच पोरांनी केलेल्या प्लेलिस्टी असतात, गणपतीला गाडीने जाताना हायवेचे खड्डे चुकवत ऐकायच्या. कुणाच्या दोनशे माणसांनी सेव्ह केलेल्या, कुणाच्या पाचशे. मी अशा चाळीस जणांना एकेकाला वेगळा मेसेज लिहिला, कॉपी-पेस्ट नाही, तुझ्या यादीत अमुक गाण्यानंतर आमचं का शोभेल ते लिहून. अकरा जणांनी उत्तर दिलं, चौघांनी गाणं घेतलं, एकाने पाचशे रुपये मागितले त्याला राम राम केला. त्या चार छोट्या याद्यांतून आलेली माणसं आजही ऐकतायत. यात तीन आठवडे रोज रात्रीचा एक तास गेला, म्हणजे फुकट म्हणायचं तर पैशानेच फुकट, तेवढं तुमचं ऐकतो.

त्या रिलीज रडारसाठी आधी फॉलोअर हवेत, आणि ते जमवायचं काम तर तुम्हाला माझ्यापेक्षा सोपं आहे हो. आम्ही क्यूआर कोड छापून पेटीच्या खोक्यावर चिकटवला, जत्रेत गजर संपला की मी माईकवर सांगायचो, आवडलं असेल तर फोन काढा आणि फॉलो दाबा, लाईक नको. एका रात्रीत ३८ झाले. तुमच्यासमोर तर हजार माणूस बसतो.

पैसे किती मिळतात हे विचारलं नाहीत, तरी सांगतो. २०२४ पासून नियम असा की मागच्या १२ महिन्यांत गाणं १००० वेळा वाजलं नाही तर रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीचा एक पैसा नाही. माझी दोन गाणी त्याखालीच आहेत. तुमची एका डबलबारीची सुपारी माझ्या वर्षभराच्या स्ट्रीमिंगपेक्षा जास्त असेल, यात वाद नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण तुम्ही टाकायला निघालात तर इथेच अडकाल. आपल्या भजनात पिक्चरच्या चाली सर्रास असतात, बारीला मजा येते, समोरच्या बुवाला तेच लागतं. स्ट्रीमिंगवर ते चालत नाही, चाल ज्याची त्याची परवानगी लागते. तुकोबांचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत, पण त्याला जी चाल लावाल ती तुमची स्वतःची किंवा खरोखर परंपरेतली हवी. तुमची ती गवळण, गेल्या वर्षी आमच्याकडे सप्त्याला म्हटली होती ती, तिची चाल तुमचीच आहे ना? मी तेव्हाच विचारणार होतो, पण तुम्ही पहाटेची एसटी गाठायला निघालात.

यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. गवळण २१ ऑगस्टच्या शुक्रवारी यायला हवी असेल तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात फाईल डिस्ट्रिब्युटरकडे गेली पाहिजे, म्हणजे पिचला वेळ राहतो. डिस्ट्रिब्युटरचं माझ्या खात्यातून करू, रॉयल्टी काही आलीच तर तुमची, कागदावर लिहून देतो. रेकॉर्डिंग आमच्या माडीवरच होईल, मात्र वर पत्रे आहेत, त्यामुळे पाऊस थांबला की लगेच गायचं आणि पंखा बंद ठेवायचा, घामाची तयारी ठेवा. पखवाजवाल्याला घेऊनच या.