गाळलेल्या पानांपेक्षा गाळलेलं काम पाहा

कादंबरीवरून केलेला सिनेमा पाहिला की ‘सिनेमाने पुस्तकातलं निम्मं गाळलं’ ही वाचकांची तक्रार ऐकू येते. पण गाळणं अटळच असतं. पानाला २५० शब्द धरले तर ३०० पानांची कादंबरी मोठ्याने वाचायला साधारण दहा तास लागतात. पटकथेचं एक पान म्हणजे ढोबळमानाने एक मिनिट, म्हणजे दोन तासांच्या सिनेमासाठी हाती येतात जेमतेम १२० पानं.

खरा घोटाळा पुढे होतो. एखादं पात्र काढलं, पण कथेतलं त्याचं काम (बातमी पोचवणं, नायकाला अडवणं, त्याची लाज उघडी पाडणं) दुसऱ्या कुणाकडे सोपवलंच नाही, की उत्तरार्धात माणसं कारणाशिवाय निर्णय घेऊ लागतात. म्हणून पटकथेआधी प्रत्येक प्रकरणासमोर एकच ओळ लिहावी: इथे काय बदललं? ओळ सुचली नाही तर ते प्रकरण खुशाल सोडावं, भाषा कितीही सुंदर असो.

‘सिंहासन’ (१९७९) हा सिनेमा मुद्दाम या नजरेने पाहा. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी एक पटकथा रचली. मंत्रालय, कामगार पुढारी, तस्कर असा केवढा पसारा! तो विस्कटत नाही, कारण पत्रकार दिगू टिपणीस या सगळ्यांकडे जाऊ शकतो.

कादंबरीतलं प्रथमपुरुषी (‘मी’च्या तोंडचं) निवेदन पडद्यावर आणणं सर्वांत अवघड. मनातलं सगळं निवेदकाच्या आवाजात टाकलं तर पडद्यावर दिसतं तेच पुन्हा ऐकू येतं. दिसणाऱ्याच्या विरुद्ध काही सांगायचं असेल, तरच तो आवाज ठेवावा.