पैसे नसलेल्यांचं व्हिएन्ना

व्हिएन्नाच्या स्टेशनवर उतरले तेव्हा घसा कोरडा पडला होता. समोरच्या दुकानातून पाण्याची बाटली घ्यायला निघाले, तर मैत्रिणीने दंडाला धरून मागे ओढलं. "अगं, इथे पाणी विकत घेतलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही." पाठपिशवीतली रिकामी बाटली काढून तिने ती चौकातल्या नळावर भरली आणि माझ्या हातात दिली. पाणी इतकं गार होतं की दात शिवशिवले.

आम्ही दोघी बीएस्सीची तीन वर्षं एका बाकावर बसलो. आता ती व्हिएन्नात फिजिक्सचं मास्टर्स करते, मी जर्मनीत आउग्सबुर्गला मटेरियल सायन्स. एकमेकींपासून गाडीने एका दिवसाच्या अंतरावर राहूनही पावणेदोन वर्षं भेट नव्हती. कधी परीक्षा, कधी तिची शिफ्ट, आणि खरं सांगायचं तर दोघींकडे पैसे नव्हते. जूनमध्ये सलग चार दिवस सुट्टी आली तेव्हा ठरवलं, आता जायचंच.

जर्मनीत शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. डॉइचलांडटिकिट, म्हणजे आपला महिन्याचा पास, देशाबाहेर चालत नाही असं आपण धरून चालतो. पण प्रादेशिक गाडीने गेलात तर ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनपर्यंत तो चालतो. त्यामुळे आउग्सबुर्ग ते म्युनिक आणि म्युनिक ते साल्झबुर्ग या प्रवासाला मला वेगळा पैसा लागला नाही. पुढचे अडीच तास राहतात, त्याचं तिकीट आधी काढलं तर परवडतं. पासपोर्ट आणि निवास परवान्याचं कार्ड मात्र जवळ ठेवा. परतताना सीमेवर गाडीत तपासणी होऊ शकते, माझी झाली.

जायच्या आधी आणि आल्यावर मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न होता, "किती देश केलेस?" व्हिएन्नाहून ब्रातिस्लावा तासाभरावर आहे, बुडापेस्ट अडीच तासांवर. चार दिवसांत तीन राजधान्या सहज "झाल्या" असत्या. मी एकच शहर पाहिलं, तेही अर्धवट. राजवाड्यांच्या आत गेले नाही, कुठल्याही मोठ्या संग्रहालयाचं तिकीट काढलं नाही. तरी इतका भरलेला प्रवास माझा आजवर झाला नव्हता. मैत्रिणीने मला ती स्वतः जगते ते शहर दाखवलं. हातात पैसे नसलेल्या माणसासाठी एखादं शहर किती काय उघडं ठेवू शकतं, ते मी तिथे पाहिलं. त्याबद्दल लिहायचं आहे.

सुरुवात त्या पाण्यापासूनच करते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्हिएन्नातले बहुतेक लोक विहिरींचं पाणी प्यायचे आणि टायफॉइडने मरायचे. मग शहराने ठरवलं की पाणी थेट डोंगरातून आणायचं. श्नेबेर्ग आणि राक्स या आल्प्समधल्या डोंगरांच्या झऱ्यांपासून सुमारे ९५ किलोमीटरची जलवाहिनी बांधली आणि १८७३ साली ते पाणी शहरात आलं. पंप नाही, नुसत्या उताराने. १९१० साली दुसरी, आणखी लांबची वाहिनी झाली. आज शहर मुख्यतः याच दोन वाहिन्यांवर जगतं. श्वार्त्सेनबेर्गप्लात्स नावाच्या चौकात पहिलं पाणी पोचल्याच्या आनंदात बांधलेलं उंच कारंजं अजून उडतं.

या योजनेचा पाठपुरावा करणारा माणूस होता एडुआर्ड झ्यूस. विद्यापीठात भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक आणि त्याच वेळी नगरपरिषदेचा सदस्य. दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडाला गोंडवनालँड हे नाव देणारा झ्यूस तो हाच. भारतात काम करणाऱ्या भूगर्भशास्त्रज्ञांनी मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून तिथल्या खडकांना ते नाव आधीच दिलं होतं, झ्यूसने ते अख्ख्या महाखंडाला लावलं. शाळेत भूगोलात हा शब्द आपण सगळ्यांनीच वाचलाय. तो शब्द जगभर नेणाऱ्या माणसाने आणलेलं पाणी आपल्या बाटलीत आहे, हे मैत्रिणीने कारंज्यापाशी सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. खडक वाचता येणारा माणूस नगरपरिषदेत बसला आणि दीडशे वर्षांनी एका परक्या मुलीचे बाटलीचे पैसे वाचले. अभ्यास कशासाठी करायचा याचं इतकं सरळ उत्तर मला वर्गात कधी मिळालं नव्हतं.

मैत्रीण एका वसतिगृहात राहते. खोली लहान, पलंग एक. जमिनीवर माझ्यासाठी तिने शेजारणीची योगाची चटई आणि स्वतःची दुलई अंथरली होती. सुट्टीच्या दिवशी ती एका बेकरीत काम करते, पहाटे साडेचारला निघते. दुपारी परतते तेव्हा तिच्या केसांना भाजलेल्या पावाचा वास येतो आणि पिशवीत उरलेले दोन-तीन पाव असतात. ओट्टाक्रिंग भागात ब्रुनेनमार्क्ट म्हणून रस्त्यावरचा बाजार भरतो. तुर्की आणि बाल्कन विक्रेते, ढिगाने भाजी. आम्ही संध्याकाळी आवराआवरीच्या वेळी गेलो, तेव्हा भाव उतरलेले असतात. वांगी, टोमॅटो, कोथिंबिरीची मोठी जुडी. सामायिक स्वयंपाकघरात डाळ-भात आणि भरीत केलं, तिच्या मजल्यावरची तीन मुलं ताटल्या घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "चल, ऑपेराला जाऊ." मला वाटलं बाहेरून बघायला. व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरात उभ्याने पाहणाऱ्यांसाठी शेकडो जागा राखून ठेवलेल्या आहेत, हे मला माहीत नव्हतं. एका पिझ्झाच्या किमतीत एकेकीचं तिकीट झालं. आत कठडे असतात, त्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधला की ती जागा तुमची. मग बाहेर फिरून या, कुणी हात लावत नाही. १८६९ सालची ही इमारत दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने जळाली, १९५५ मध्ये पुन्हा उघडली. आमच्या पुढच्या लाल खुर्च्यांवर बसलेल्यांनी आमच्या कितीतरी पट पैसे मोजले होते. आवाज मात्र सगळ्यांना एकच होता.

मध्यंतरात जिन्यावर बसलो होतो. ती सहज बोलावं तशी म्हणाली, "पहिल्या हिवाळ्यात मी इथे आठवड्यातून दोनदा यायचे. आत ऊब असायची. आणि एकटी का आलीस म्हणून कुणी विचारायचं नाही."

मी काहीच बोलू शकले नाही. त्या हिवाळ्यात आम्ही दर रविवारी फोनवर बोलत होतो. दर वेळी ती "मजेत" म्हणायची आणि मी ते धरून चालायचे, कारण मीही तेच सांगत होते. परदेशात शिकणाऱ्या मुलामुलींबद्दल आपल्याकडे दोनच गोष्टी बोलल्या जातात, पॅकेज आणि फोटो. चार वाजता अंधार पडणाऱ्या शहरात एक मुलगी थंडीपासून आणि एकटेपणापासून लांब राहायला उभ्याने तीन तास संगीत ऐकत होती, हे तिच्या जवळच्या मैत्रिणीलाही माहीत नव्हतं. ते कळायला तिच्या शहरात जावं लागलं. म्हणून कळकळीने सांगते, तुमचं कुणी असं लांब असेल तर शक्य झाल्यावर त्यांच्याकडे जाऊन राहा. हॉटेलात नको, त्यांच्या खोलीत राहा.

शनिवारी ती कामावर गेली आणि मी एकटीच यू-४ मेट्रोने शेवटच्या स्टेशनपर्यंत, हायलिगेनश्टाटला गेले. बाहेर पडलं की समोर कार्ल-मार्क्स-होफ, महापालिकेची निवासी इमारत. फोटोत तिची लांबी कळत नाही. सुमारे अकराशे मीटर लांबीची ती इमारत मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. लालसर आणि पिवळट भिंती, खालून माणसं ये-जा करतील अशा प्रचंड कमानी, आत झाडांची अंगणं. बाकावर दोन आज्या बोलत होत्या, एक लहान मुलगा सायकल शिकत होता. मी तिथे तासभर नुसती बसले.

१९२७ ते १९३० या काळात वास्तुरचनाकार कार्ल एह्न यांच्या आराखड्यावर ही वसाहत बांधली. १३८२ घरं. शिवाय सामायिक धुलाईघरं, स्नानगृहं, बालवाड्या, वाचनालय, दातांचा दवाखाना. बहुतेक जमीन मोकळी सोडलेली, घरांत उजेड आणि वारा यावा म्हणून. पहिल्या महायुद्धानंतर कामगारांची कुटुंबं एकेका ओल्या खोलीत कोंबलेली होती. शहराचा आर्थिक कारभार पाहणारे हूगो ब्राइटनर यांनी १९२३ मध्ये घरांवर असा कर लावला की मोठ्या, महागड्या घरांवर जास्त आणि लहान घरांवर अगदी थोडा. त्या आणि इतर करांच्या पैशातून १९३४ पर्यंत ६० हजारांहून जास्त घरं उभी राहिली. फेब्रुवारी १९३४ मध्ये समाजवादी कामगार आणि सरकार यांच्यात यादवी झाली तेव्हा लष्कराने याच वसाहतीवर तोफा डागल्या. आत माणसं राहत असताना. एका धुलाईघरात आता छोटं संग्रहालय आहे, त्या दिवशी ते बंद होतं.

आज व्हिएन्नातली जवळपास निम्मी माणसं महापालिकेच्या किंवा सरकारी मदतीने बांधलेल्या घरांत राहतात. ही गरिबांसाठी शहराबाहेर ढकललेली चाळ नव्हे. चांगल्या वस्तीत, मेट्रोच्या दारात, शिक्षक, नर्स, ट्रामचालक असे सगळे एकत्र राहतात.

दुपारी मैत्रीण परतली तेव्हा मी हे सगळं तिला भरभरून सांगायला लागले. ती पाव कापत म्हणाली, "मला नाही मिळणार तिथे घर, माहितेय ना?"

खरं आहे. महापालिकेच्या घरासाठी आधी शहरात दोन वर्षं नोंदणीकृत वास्तव्य लागतं, शिवाय नागरिकत्व किंवा त्याच्या बरोबरीचा कायम हक्क लागतो. विद्यार्थी परवान्यावर तो दरवाजा बंद. फीचंही तसंच. युरोपीय संघातल्या मुलांना ठरलेल्या मुदतीत शिक्षण संपवलं तर शुल्क नाही, तिला दर सेमिस्टरला ७२६ युरो ७२ सेंट. काम आठवड्याला २० तासांपर्यंत, त्यासाठीही मालकाने वेगळी परवानगी काढायची. हे मला अन्यायाचं वाटतं आणि व्हिएन्नाचं कौतुक करताना ते लपवून ठेवायची माझी इच्छा नाही. ती तिथे भाडं देते, फी देते, पहाटे उठून त्या शहराला पाव देते.

पण तिचं म्हणणं माझ्यापेक्षा शांत होतं. "घर मिळत नसलं तरी त्या घरांचा मला फायदा होतो. इथल्या मालकाला माहीत असतं की लोकांकडे दुसरी वाट आहे, म्हणून तो वाट्टेल तेवढं भाडं मागू शकत नाही." म्युनिकमध्ये खोली शोधणाऱ्या आमच्या वर्गमित्रांची अवस्था आठवली. एकाने सहा महिन्यांत चार ठिकाणं बदलली. तिचा मुद्दा मला पटला, अन्याय मात्र त्यामुळे पुसला जात नाही.

रविवारी ७१ नंबरच्या ट्रामने आम्ही मध्यवर्ती दफनभूमीत गेलो. १८७४ सालची, इतकी मोठी की आतून बस फिरते. शहरात राहणाऱ्यांपेक्षा तिथे पुरलेली माणसं जास्त आहेत, सुमारे ३० लाख. बीथोवेन, शूबर्ट, ब्राम्स हे संगीतकार एकमेकांजवळ आहेत आणि तिथे फुलं होती, माणसं होती. आम्ही भौतिकशास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्झमान यांच्या थडग्याकडे गेलो. तिच्या विभागाच्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे. थडग्यावर पांढरा अर्धपुतळा आणि डोक्यावर कोरलेलं सूत्र, एस बरोबर के लॉग डब्ल्यू. अणू खरोखर असतात हे त्यांनी आयुष्यभर मांडलं, आणि याच विद्यापीठातले एर्न्स्ट माख यांच्यासारखे मोठे लोक ते मानायला तयार नव्हते. १९०६ मध्ये बोल्ट्झमान यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. दोनच वर्षांत फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ जाँ पेरँ यांच्या प्रयोगांतून अणूंचे पुरावे हाती येऊ लागले.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी हे सूत्र मला तिनेच समजावलं होतं, कॅन्टीनच्या टेबलावर चहाचे कप वेगवेगळे मांडून. एस म्हणजे एन्ट्रॉपी, ढोबळमानाने अव्यवस्थेचं माप; के हा एक स्थिरांक; डब्ल्यू म्हणजे एकच गोष्ट किती प्रकारे मांडता येते त्याची संख्या. थडग्यापाशी ती मला म्हणाली, "कप आठवतात?" आठवत होते. आम्ही दोघी रडलो, का ते एकमेकींना सांगावं लागलं नाही.

शेवटची संध्याकाळ डॅन्यूबच्या बेटावर. पुराचं पाणी वळवायला १९७२ ते १९८८ मध्ये नदीला समांतर दुसरं पात्र खणलं आणि त्या मातीचं २१ किलोमीटर लांब बेट झालं. तिथे कुणी इमारती विकल्या नाहीत. झाडं लावली, वाटा केल्या, लोकांना पोहायला काठ सोडला. पाण्यात पाय सोडून आम्ही उरलेला पाव खाल्ला, अंधार पडेपर्यंत.

ती डिसेंबरमध्ये माझ्याकडे येणार आहे. गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की आउग्सबुर्गमध्ये मी तिला काय दाखवणार, हे मला माहीत नाही. दोन वर्षांत मी तिथे विद्यापीठ, सुपरमार्केट आणि खोली याच्या पलीकडे फार गेलेच नव्हते. १५२१ पासून गरजू रहिवाशांना नाममात्र भाड्यात, आजच्या हिशेबाने वर्षाला ८८ सेंटमध्ये, घर देणारी फुगराय वसाहत माझ्या ट्रामच्या वाटेवर आहे, मी एकदाही आत गेले नव्हते. शहराच्या कालव्यांची आणि जलव्यवस्थेची २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत नोंद झाली, तीही मी फक्त बसवरच्या फलकावर वाचली होती.

गेल्या रविवारी लेख नावाच्या नदीवरच्या होखआब्लास बंधाऱ्यापर्यंत चालत गेले. तिथलं १८७९ सालचं पाणीघर शोधायला पाऊण तास लागला. काठावर एक आजोबा मासे धरत बसले होते. त्यांनी जवळचा रस्ता दाखवला आणि म्हणाले, डिसेंबरमध्ये येणार असाल तर सकाळी या, धुकं नदीवरून उठतं तेव्हा. मी ते वहीत लिहून ठेवलंय. शेजारच्या मुलाकडे जास्तीची गादी आहे, त्याला आत्ताच विचारून ठेवलंय.