सुनचॉनचे खांब आणि ठाण्याची खाडी

फ्लेमिंगो वाचवायचे की शहर वाढू द्यायचे, हा नवी मुंबईत पुन्हा पुन्हा पेटणारा वाद मी दक्षिण कोरियातील सुनचॉनमध्ये राहून वाचत असतो, आणि मुळात हा प्रश्न असा मांडणेच मला अमान्य आहे.

दक्षिण जोल्ला प्रांतातील हे किनारी शहर पावणेतीन लाखांच्या आसपास वस्तीचे आहे. डोंगरात सोनामसा हा जुना बौद्ध मठ, पश्चिमेला नागान हे तटबंदीतले शाकारलेल्या घरांचे गाव, आणि दक्षिणेला उंच बोरूंच्या बनांनी वेढलेली खाडी. ओहोटी लागली की इथल्या बायका एक गुडघा लाकडी फळीवर टेकवून, दुसऱ्या पायाने चिखल मागे रेटत शिंपल्या वेचायला निघतात.

हिवाळ्यात येणारे पांढऱ्या मानेचे राखाडी क्रौंच भातशेतांवरील विजेच्या तारांना धडकत, म्हणून 2009 मध्ये तिथले 282 खांब काढून टाकण्यात आले. शेतकऱ्यांशी ठरवून काही भात पक्ष्यांसाठी राखला जातो. नव्वदच्या दशकात काही डझन असलेले हे पाहुणे आता हजारोंनी उतरतात. शहर खाडीकडे सरकू नये म्हणून मधल्या पट्ट्यात मोठी बाग उभारली गेली. 2013 मध्ये तिथे आंतरराष्ट्रीय उद्यान प्रदर्शन भरले आणि 2015 मध्ये ती देशातील पहिली ‘राष्ट्रीय बाग’ ठरली. तिच्यामुळे येणाऱ्या पर्यटकांवर आज इथली अनेक हॉटेले आणि खाणावळी चालतात.

अर्थात सुनचॉनला हे परवडते, कारण पोलाद शेजारच्या ग्वांगयांगमध्ये आणि पेट्रोकेमिकल योसूमध्ये तयार होते. ग्वांगयांगचा पोलाद कारखाना तर समुद्रात भराव घालूनच उभा राहिला आणि माझा पगारही त्याच उद्योगातून येतो. पश्चिम किनाऱ्यावरील सेमांगम या भागात 33 किलोमीटरहून लांब बांध घालून विस्तीर्ण खाजण समुद्रापासून तोडणाराही हाच देश आहे. त्यामुळे कोरियाला आदर्श म्हणणे चुकीचे ठरेल. अनुकरण करायचे ते या एका नगरपालिकेचे.

ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला; सुनचॉनच्या खाडीला तो 2006 मध्ये मिळाला होता. मात्र दर्जा मिळाल्याने भरतीचे पाणी आपोआप आत येत नाही. नेरूळच्या डीपीएस तलावात पाण्याचे मार्ग बुजले तेव्हा पक्ष्यांचे हाल झाले, आणि त्यानंतर संवर्धनाचा निर्णय होईपर्यंत नागरिकांना रस्त्यावर उतरावे लागले. पाण्याचे हे मार्ग आणि खाडीवरून जाणाऱ्या तारांची जागा शहराच्या विकास आराखड्यातच, बांधकामाला परवानगी देण्यापूर्वी, नकाशावर आखून बंधनकारक करायला हवी.