सुट्टे नाहीत, टोकन घ्या

टपरीवाल्याने दोन रुपयांऐवजी दोन गोळ्या हातावर टेकवल्या आणि विन्या पेटला. "उद्या दुकानदार नाणी पण पाडतील!"

"पाडलीत की. इंग्लंडमध्ये," सुध्या म्हणाला. त्याला जुन्या नाण्यांचा नाद. मोबाइलवर फोटो दाखवला: शर्टाच्या बटणाएवढं टोकन, कडेने दुकानदाराचं नाव, मधे शंकूसारखी साखरेची ढेप. म्हणजे किराणावाला.

1649 मध्ये पहिल्या चार्ल्सचं मुंडकं उडवलं, तोवर राजाच्या परवान्यावरची तांब्याची फार्दिंग बंद पडली होती. फार्दिंग म्हणजे पाव पेनी. पेनी चांदीची; तिचा चतकोर चांदीत पाडला तर चिमटीतही सापडायचा नाही. नवं सरकार काही चिल्लर काढेना. मग वाणी, खानावळवाले, कॉफीवाले, सगळ्यांनी आपापली टोकनं पाडून घेतली. दहा हजारांवर प्रकार निघाले म्हणे.

"म्हणजे गिऱ्हाइकाकडून बिनव्याजी कर्ज," विन्या म्हणाला. "दुकान बसलं की टोकन गेलं."

"अरे, नाव-गाव छापून कोण फसवेल? बाकीचे दुकानदार ती साठवून ज्याची त्याला नेऊन द्यायचे आणि खरे पैसे घ्यायचे."

"दुकानदार दुकानदाराला बघून घेईल रे. भांडीवालीने काय करायचं? चार गल्ल्या पलीकडे तिचं टोकन कोण घेणार?"

इथे मी विन्याच्या बाजूने. सुध्याला नाणं दिसतं, ते मुठीत धरून उभी असलेली बाई दिसत नाही.

मंदारचं लक्ष भलतीकडेच. "मागे ही तीन अक्षरं कसली?"

"वरचं आडनावाचं. खाली एक नवऱ्याचं, एक बायकोचं."

"बायकोचं? आपल्याकडे पाटीवर 'अँड सन्स' लिहितात, गल्ल्यावर बसणारी मात्र कुठेच नसते."

"काही विधवांनी तर स्वतःच्या नावाने काढलीत."

यावर विन्यासुद्धा क्षणभर गप्प. पण क्षणभरच. "आणि बंद कधी झाली?"

"1672. दुसऱ्या चार्ल्सने तांब्याची फार्दिंग आणि अर्धी पेनी काढली, मागे ब्रिटानिया, म्हणजे बाईच्या रूपातलं ब्रिटन, बसवली आणि खासगी टोकनांवर बंदी घातली."

"मग लोकांच्या डब्यात उरलेली कोणी वटवली?"

सुध्याने विन्याच्या हातातली एक गोळी उचलली, कागद सोलला आणि तोंडात टाकली. "ही मी वटवली. दुसरीचं तू बघ."