‘दुखण्याचं इंजेक्शन’ म्हणजे नेमकं कोणतं?

‘बाळंतपणात दुखणं कमी करायचं इंजेक्शन घेऊ नका. स्वस्तातलं तर नुसतं पाणी असतं. बाळ निळं पडतं, कळा थांबतात, मग सिझर करतात. कळा सोसल्या तरच खरी आई होता येतं.’ हा मेसेज नागपुरातल्या माझ्या तीन ग्रुपवर आला. शेवटच्या ग्रुपवर तो माझ्या भाचीनं वाचला, आणि तिला नववा महिना लागलाय. मी लेबर रूममध्ये 22 वर्षं सिस्टर होते, म्हणून लिहिते.

आधी ‘नुसतं पाणी’. हा समज कुठून येतो ते मला ठाऊक आहे. नागपुरातलं सरकारी हॉस्पिटल कुठलंही असो, डागा, मेयो की मेडिकल, बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंना एवढंच कळतं की सुनेला इंजेक्शन दिलं आणि तरी ती ओरडतेच आहे. पण दिलं काय? ड्रोटाव्हेरिन किंवा हायोसिन दिलं असेल तर ते पिशवीचं तोंड लवकर उघडावं म्हणून असतं, वेदना मारायला नाही. सलाईनमध्ये ऑक्सिटोसिन असेल तर कळा वाढणारच, ते त्याचसाठी असतं. दुखण्यावरची औषधं वेगळी: पेथिडिन, ट्रॅमाडॉल, आणि शिरेतून 1 ग्रॅम पॅरासिटामॉल. महाग यातलं एकही नाही. यांनी कळा जात नाहीत, धार बोथट होते आणि दोन कळांच्या मधे बाई डोळा मिटू शकते. तेवढ्यानं किती फरक पडतो, ते रात्रभर कळा दिलेल्या बाईला विचारा.

‘बाळ निळं पडतं’ यात खऱ्याचा अंश आहे, म्हणून तो सोडून देता येत नाही. पेथिडिन वारेतून बाळापर्यंत जातं. इंजेक्शननंतर साधारण 1 ते 4 तासांत बाळ झालं तर ते सुस्त असू शकतं, श्वास घ्यायला मंद, अंगावर प्यायलाही मंद. म्हणूनच आधी तपासून पिशवीचं तोंड किती उघडलंय ते बघतात, बाळंतपण टेकलं असेल तर देत नाहीत. बाळाला श्वास द्यायला अम्बू बॅग (हातानं दाबायचा फुगा) हाताशी असते, औषधाचा उतारा म्हणून नॅलोक्सोनही असतं. ट्रॅमाडॉलमध्ये श्वासाची भीती त्यामानानं कमी, पण मळमळ-उलटी बरीच. पॅरासिटामॉलनं आराम थोडा, मात्र आईला गुंगी नाही आणि बाळाचा श्वासही दबत नाही. जिथे बाळाकडे बघायला माणूस कमी, तिथे मला तेच बरं वाटायचं.

एक मात्र कळकळीनं सांगते. मेडिकलच्या दुकानातून डायक्लोफेनॅक आणून कुणाकडून टोचून घेऊ नका. पोटातल्या बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी जन्मापर्यंत उघडी राहावी लागते, ती त्यानं आकसू शकते.

सिझरचं म्हणाल तर एपिड्युरलनंही, म्हणजे पाठीतून दिलेल्या भुलीनंही, सिझरचं प्रमाण वाढत नाही; जोर देण्याचा टप्पा थोडा लांबू शकतो, इतकंच. एपिड्युरलनं आराम सगळ्यात चांगला, पण त्याला भूलतज्ज्ञ लागतो, आणि तो प्रत्येक ठिकाणी रात्री दोन वाजता नसतो. पेथिडिनही सगळीकडे मिळेल असं नाही, ते अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली येतं. 2018 पासून ट्रॅमाडॉलही आलं. प्रत्येक अँप्यूलचा हिशेब ठेवावा लागतो.

राहिलं सोसणं. दाढ काढताना कुणी म्हणत नाही की भूल नको, सोस. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की मागणाऱ्या बाईसाठी एपिड्युरल आणि पेथिडिनसारखी इंजेक्शनं हे दोन्ही पर्याय आहेत. ज्यांना सुई नको त्यांच्यासाठी पाठ चोळणं, शेक आणि जवळचं माणूस सोबत असणं, हेही त्यातच आहे. यातलं काहीही घेतल्यानं कुणाचं आईपण कमी होत नाही.

भाचीला मी एवढंच सांगितलं: इंजेक्शन दिलं की नाव विचार, वेळ विचार, आणि ड्युटी बदलली की नव्या सिस्टरला ती वेळ आपल्या तोंडानं सांग.